क्लासचं इन्व्हेरियंट: आधी हद्द, मग अट, टूल सगळ्यात शेवटी

“बाप्पा, हे शिल्लक मायनसमधी काहून दाखवून राहिलं?” अडत्याचा असा फोन आला की कोड उघडला जातो. प्रत्येक सेटरमध्ये (फील्डचा आकडा बदलणाऱ्या मेथडमध्ये) तपासणी आहे, टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत. मग कुणीतरी आणखी एक इफ टाकतं, उणे आलं तर शून्य दाखव, आणि तिकीट बंद होतं. हिशेब चुकीचाच राहतो, फक्त आता तो दिसत नाही.

नागपूरच्या आयटी पार्कातली नवी पोरं असोत की तिथल्याच मिहान प्रकल्पातल्या कंपन्यांत मुरलेले सीनियर, कोड रिव्ह्यूला हाच घोळ पुन्हा पुन्हा येतो. इन्व्हेरियंट म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ असतं: ऑब्जेक्ट तयार झाला तेव्हापासून, प्रत्येक पब्लिक मेथडच्या आधी आणि नंतर, खरी असलीच पाहिजे अशी अट. व्याख्येत गडबड नाही, क्रमात आहे. कुणी थेट असर्ट (चालत्या कोडमध्ये अट तपासणारी ओळ) लिहायला घेतं, कुणी सिद्धतेचं टूल बसवायला. अट ज्या आकड्यांवर आहे ते आकडे नक्की कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न राहूनच जातो. खरं तर तोच पहिला.

उदाहरण एकच घेतो. कळमना मार्केटमधल्या अडत्याकडे शेतकऱ्याचा संत्र्याचा माल येतो. लिलावात तो थोडा थोडा करून वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना जातो, काही माल खराब म्हणून बाद होतो, आणि शेवटी शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची पावती) निघते. माप सोयीसाठी क्रेट धरलं आहे. भाषा जावा; पायथन किंवा सी-शार्पवाल्यांना तत्त्वात फरक पडणार नाही.

## तयारी: कीबोर्डला हात लावण्याआधी

एका कागदावर क्लासचे सगळे फील्ड लिहा. आपला लॉट (एका शेतकऱ्याचा एकदा आलेला माल) असा आहे:

लॉट
– एकूण (क्रेट, पूर्णांक)
– विकले (क्रेट, पूर्णांक)
– बाद (क्रेट, पूर्णांक)
– सौदे (सौद्यांची लिस्ट, प्रत्येक सौद्यात व्यापारी, क्रेट, दर)
– स्थिती (खुला किंवा पट्टी झाली)

शेजारी पब्लिक मेथड लिहा: नोंदव, रद्द कर, बाद कर, पट्टी काढ, शिल्लक, सौदे दे. यातल्या कोणत्या मेथड फील्डमध्ये लिहितात आणि कोणत्या नुसत्या वाचतात त्याची खूण करा.

आता प्रत्येक फील्डला तीन प्रश्न विचारा. यात कोण कोण लिहितं? याचा रेफरन्स आणखी कुणाकडे आहे? आणि हा आकडा दुसऱ्या फील्डवरून काढता येतो का?

तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबा. वरच्या यादीत ‘शिल्लक’ हा फील्ड नाही, ती मेथड आहे. एकूण वजा विकले वजा बाद एवढंच तिचं काम. शिल्लक फील्ड म्हणून ठेवली असती तर ती बाकीच्यांशी जुळते की नाही हे जन्मभर सांभाळावं लागलं असतं. फील्ड काढून टाकला की त्याच्यासोबत एक इन्व्हेरियंट कायमचं जातं. तसं पाहिलं तर ‘विकले’ सुद्धा सौद्यांच्या बेरजेवरून काढता येतो. तो मुद्दाम ठेवला आहे: दरवेळी बेरीज नको म्हणून लोक तो ठेवतातच, आणि खरी मजा तिथेच होते.

तपासा: प्रत्येक फील्डसमोर तीन उत्तरं आहेत का? ‘माहीत नाही’ असं एकही उत्तर असेल तर पुढे जाऊ नका.

## १. हद्द आखा

एकूण, विकले, बाद हे साधे पूर्णांक आहेत. प्रायव्हेट केले की ते लॉटच्या ताब्यात. लिस्टचं तसं नाही. तिथे तीन थर असतात: लिस्टकडे बोट दाखवणारा रेफरन्स, ती लिस्ट, आणि लिस्टमधले सौदे. फील्डला प्रायव्हेट आणि फायनल (एकदा भरलं की पुन्हा न बदलणारं) लावलं की फक्त पहिला थर बंद होतो.

समजा सौदा या क्लासला ‘क्रेट बदल’ असा सेटर आहे. बिलिंगच्या स्क्रीनने दुरुस्ती म्हणून एका सौद्याचे दहाचे आठ केले. लॉटची एकही मेथड चालली नाही, तरी लॉटमधलं ‘विकले’ आता खोटं झालं. लॉटमध्ये कितीही तपासण्या टाका, ही चूक तिथे सापडायची नाही.

उपाय दोनच: सौदा न बदलणारा करा, नाहीतर तो लॉटच्या बाहेर कधीही जाऊ देऊ नका. पहिला जवळपास नेहमीच स्वस्त पडतो. २०२१ च्या जावा १६ पासून रेकॉर्ड (फील्ड न बदलणारे छोटे क्लास) पक्के झाले आहेत, सौद्यासारख्या गोष्टीसाठी तेच वापरा. दुरुस्ती करायची असेल तर जुना सौदा रद्द, नवा नोंदव, दोन्ही लॉटमार्फत.

सावध: रेकॉर्डचं न बदलणं वरवरचं असतं. रेकॉर्डच्या आत लिस्ट ठेवली तर ती लिस्ट खुशाल बदलते.

सावध: जावात प्रायव्हेट म्हणजे ‘या क्लासपुरतं’, ‘या ऑब्जेक्टपुरतं’ नव्हे. एक लॉट दुसऱ्या लॉटच्या प्रायव्हेट फील्डमध्ये बिनधास्त लिहू शकतो. ‘दोन लॉट एकत्र कर’ अशी मेथड लिहिलीत तर अट दोन्हींची सांभाळायची. आणि कुणी लॉट स्वतःमध्येच एकत्र करायला दिला तर काय होतं तेही बघायचं: एकूण दुप्पट होऊन बसतं आणि मग स्वतःचीच लिस्ट फिरवता फिरवता तिच्यात भर घालताना एक्सेप्शन येतं.

अटीत दुसऱ्या, आपल्या ताब्यात नसलेल्या ऑब्जेक्टचा फील्ड आला तर ती अट या क्लासची नाही. ‘लॉटची तारीख बाजारदिवसाच्या तारखेएवढीच’ ही अट लॉटमध्ये लिहून उपयोग नाही, कारण बाजारदिवस आपली तारीख बदलताना लॉटला विचारणार नाही. ती एक पायरी वर, बाजारदिवसात न्या, किंवा तारीख एकाच ठिकाणी ठेवा.

## २. वाक्यं लिहा आणि चाळा

आधी साध्या मराठीत लिहा, कोडमध्ये नको. मनात येईल ते सगळं:

– एकूण शून्यापेक्षा जास्त.
– विकले आणि बाद उणे नसतात.
– विकले + बाद ≤ एकूण.
– विकले = सौद्यांमधल्या क्रेटची बेरीज.
– पट्टी झाली असेल तर विकले + बाद = एकूण.
– शिल्लकपेक्षा जास्त क्रेटचा सौदा घेऊ नये.
– सौदा झाला की विकले तेवढ्याने वाढावं.
– एकूण एकदा ठरलं की बदलत नाही.
– प्रत्येक सौद्यात क्रेट आणि दर शून्यापेक्षा जास्त.

आता चाळणी. प्रत्येक वाक्य वाचताना एकच विचारा: चालणारा प्रोग्राम मध्येच गोठवला आणि नुसता हा ऑब्जेक्ट समोर ठेवला, तर वाक्य खरं की खोटं ते सांगता येईल का?

पहिली पाच पास होतात, ती इन्व्हेरियंट. सहावं मेथडला काय दिलं त्याबद्दल बोलतं, म्हणजे ती प्रीकंडिशन. सातवं आधीची आणि नंतरची स्थिती जोडतं, म्हणजे पोस्टकंडिशन. आठवंही दोन वेळांबद्दल आहे. ते फील्डला फायनल करून मिटवा. नववं सौद्याचं स्वतःचं इन्व्हेरियंट आहे, ते सौद्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडमध्ये) जाईल. लॉटला ते आयतं मिळतं, पण मिळतं हे लक्षात ठेवा, शेवटच्या टप्प्यात कामाला येणार आहे.

सर्वात जास्त दिसणारी गफलत म्हणजे सहावं वाक्य इन्व्हेरियंट समजून बसणं. तसं केलं की तपासणी ‘नोंदव’ च्या शेवटी जाते, आणि चूक कळेपर्यंत सौदा लिस्टमध्ये जाऊन पडलेला असतो.

तपासा: प्रत्येक इन्व्हेरियंटसाठी ते मोडणारा एक ऑब्जेक्ट कागदावर तयार करा. एकूण ४०, विकले ३०, बाद १५ हा तिसरं वाक्य मोडतो. मोडणारा ऑब्जेक्ट सापडतच नसेल तर ते वाक्य काहीच सांगत नाही, खोडा.

## ३. कन्स्ट्रक्टर: अट इथे जन्मते

नियम सोपा आहे, कन्स्ट्रक्टर संपला की सगळी वाक्यं खरी. नवा लॉट: एकूण दिलेलं आणि शून्यापेक्षा जास्त, विकले ०, बाद ०, लिस्ट रिकामी, स्थिती खुला. पाचही वाक्यं एकेक करून ताडून पाहा.

‘आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवा, मग सेटरने भरा’ ही सवय इथेच सोडावी लागते. रिकाम्या लॉटचं एकूण शून्य असतं, म्हणजे पहिलंच वाक्य खोटं. मग लोक वाक्य सैल करतात, ‘शून्य किंवा जास्त’, आणि पुढच्या प्रत्येक मेथडला त्या अर्धवट ऑब्जेक्टची काळजी वाहावी लागते.

कन्स्ट्रक्टरमध्ये दोन गोष्टी करायच्या नाहीत. सबक्लासला (या क्लासवरून वारसा घेणाऱ्या क्लासला) बदलता येईल अशी मेथड बोलवायची नाही: जावात आईक्लासचा कन्स्ट्रक्टर चालू असताना सबक्लासचे फील्ड अजून शून्य किंवा नल असतात, आणि ती मेथड मात्र सबक्लासची चालते. दुसरं, काम संपण्याआधी स्वतःचा रेफरन्स कुणाला द्यायचा नाही, म्हणजे ‘मला ऐकणाऱ्यांच्या यादीत टाक’ हे कन्स्ट्रक्टरच्या आत नको.

सावध: कन्स्ट्रक्टरला वळसा घालणाऱ्या चोरवाटा शोधा. जावाचं जुनं डीसीरियलायझेशन (साठवलेल्या डेटावरून ऑब्जेक्ट परत उभा करणं) साध्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवतच नाही. डेटाबेसमधून ऑब्जेक्ट आणणारी हायबरनेटसारखी साधनं रिकाम्या कन्स्ट्रक्टरने ऑब्जेक्ट बनवून फील्ड थेट भरतात. रेकॉर्ड मात्र डीसीरियलाइज होताना आपल्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच जातो, हा त्याचा मोठा फायदा. डेटाबेसमधून आलेल्या लॉटवर अट एकदा तपासूनच तो पुढे द्या. ‘टेबलवर चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसने स्वतः तपासायची अट) आहे ना’ असं म्हणत असाल तर मायएसक्यूएलची आवृत्ती बघा: ८.०.१६ च्या आधी तो चेक वाचून घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

## ४. दारं बंद करा

‘सौदे दे’ ही मेथड आतली लिस्ट तशीच बाहेर देत असेल तर बाकीचं सगळं काम वाया. कुणीतरी स्क्रीनवर कमी दराचे सौदे लपवायला लिस्टमधून काढेल, आणि ते तुमच्या लॉटमधूनच जातील.

जावात दोन पर्याय नेहमी समोर येतात आणि लोक ते एकच समजतात. कलेक्शन्समधली अनमॉडिफायेबल-लिस्ट ही नुसती खिडकी आहे: बाहेरच्याला बदलता येत नाही, पण आत बदल झाला की त्याला तिथून दिसतो. जावा १० पासूनची लिस्ट-कॉपी-ऑफ ही त्या क्षणाची वेगळी प्रत देते. छपाईला, रिपोर्टला प्रत द्या. खिडकी दिलीत तर पट्टी छापता छापता आकडे हलतील.

दार आतल्या दिशेनेही उघडतं. जुना लॉट परत उभा करणारा कन्स्ट्रक्टर बाहेरून सौद्यांची लिस्ट घेत असेल तर ती तशीच फील्डमध्ये ठेवू नका. देणाऱ्याकडे तिचा रेफरन्स शिल्लक असतो. आधी प्रत करा, मग त्या प्रतीवर तपासणी करा. उलट केलंत तर तपासणी आणि प्रत यांच्या मधल्या वेळात दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारा दुसरा कोड) लिस्ट बदलू शकतो.

तपासा: बाहेर जाणारी आणि आत येणारी प्रत्येक गोष्ट तीनपैकी कशात बसते? साधा आकडा, न बदलणारा ऑब्जेक्ट, किंवा प्रत. चौथा प्रकार निघाला तर टप्पा १ कडे परत.

## ५. एकेक मेथड: आधी तपास, मग लिही, शेवटी बाहेर बोल

इथे घाई करू नका. लिहिणारी प्रत्येक मेथड घ्या आणि प्रत्येक इन्व्हेरियंटसमोर ठेवा. चार मेथड, पाच वाक्यं, वीस चौकोनांचा तक्ता होतो. बरेच चौकोन ‘या फील्डला हातच लावत नाही’ म्हणून लगेच भरतात. उरलेले मात्र खरोखर डोकं लावून भरायचे.

‘नोंदव’ पाहू. बहुतेकांनी ती अशी लिहिलेली असते:

नोंदव(व्यापारी, क्रेट, दर)
१) क्रेट आणि दर तपास, विकले + बाद + क्रेट ≤ एकूण आहे का पाहा
२) सौदे मध्ये नवा सौदा जोड
३) ऐकणाऱ्या सगळ्यांना कळव
४) विकले = विकले + क्रेट

वरून काही वावगं दिसत नाही. एका थ्रेडवर, साध्या टेस्टमध्ये, बरोबर चालते. आता एक ऐकणारा असा आहे जो एखाद्या व्यापाऱ्याच्या वतीने उरलेला माल एकदाच, आपोआप उचलतो. एकूण ४०, विकले ३०, बाद ०. दहा क्रेटचा सौदा आला.

तपासणी: ३० + ० + १० ≤ ४०, ठीक. लिस्टमध्ये सौदा गेला. लिस्टची बेरीज आता ४०, पण विकले अजून ३०. चौथं वाक्य या क्षणी मोडलेलं आहे, आणि अशा अवस्थेत आपण बाहेर बोलतो. ऐकणारा शिल्लक विचारतो, उत्तर येतं १०. तो दहाचा सौदा नोंदवतो. आतल्या फेरीतही तपासणी पास होते, कारण तिला विकले ३० च दिसतं. लिस्टची बेरीज ५०, विकले ४०. आतली फेरी संपते, बाहेरची चौथ्या ओळीवर येते, विकले ५०.

गंमत बघा, शेवटी विकले ५० आणि बेरीजही ५०. चौथं वाक्य पुन्हा खरं झालं, कुणाला शंका येणार नाही. मोडलं तिसरं: ५० क्रेट विकले, आले होते ४०. शिल्लक उणे दहा. तपासणीत चूक नव्हती. आत येताना इन्व्हेरियंट खरं आहे या भरवशावर ती लिहिली होती, आणि तो भरवसाच खोटा होता.

दुरुस्ती म्हणजे ओळ ३ आणि ४ ची अदलाबदल. आधी लिस्ट, लगेच विकले, मग कळव. आता आतली फेरी शिल्लक विचारते तेव्हा शून्य मिळतं आणि सौदा नाकारला जातो. बाहेरच्या कोडला हाक मारण्याआधी सगळी वाक्यं परत खरी झालेली असली पाहिजेत. लिसनर (हेच ते ऐकणारे), कॉलबॅक, सबक्लासमध्ये बदलता येणारी मेथड, बाहेरून दिलेला लॅम्बडा (कोडचा तुकडा), सगळं यात आलं. लॉगिंगसुद्धा, जर लॉगर तुमच्याच टू-स्ट्रिंगला (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणाऱ्या मेथडला) बोलवत असेल आणि ती बेरीज तपासत असेल तर.

बाहेर बोलून परतल्यावर आधी वाचून ठेवलेल्या लोकल व्हेरिएबलवर विसंबू नका. मधल्या वेळात लॉट बदललेला असू शकतो.

एक्सेप्शनचा रस्ता. मेथड एक्सेप्शनने संपली तरी इन्व्हेरियंट खरं असावं लागतं. जुन्या क्रमात एसएमएस जाईना म्हणून ओळ ३ वर एक्सेप्शन आलं असतं तर लिस्टमध्ये सौदा राहिला असता आणि विकले वाढलंच नसतं, कायमचं. नव्या क्रमात लॉट नीट राहतो. पण एक गोष्ट राहतेच: बोलवणाऱ्याला एक्सेप्शन दिसलं, त्याला वाटलं सौदा झाला नाही, त्याने पुन्हा नोंदवला. शिल्लक पुरेशी असेल तर इन्व्हेरियंट एकही मोडत नाही, तरी व्यापाऱ्याच्या नावावर सौदा दोनदा चढतो. कळवण्यातली चूक आतच पकडा, किंवा निरोप रांगेत टाकून मोकळे व्हा. इन्व्हेरियंट यात तुमची मदत करणार नाही.

ओव्हरफ्लो. ओळ १ मधली बेरीज पुन्हा पाहा. जावाचा इंट २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो आणि मग गपचूप उणे होतो. विकले १०० असताना कुणी क्रेट म्हणून नेमका तोच आकडा पाठवला तर बेरीज मोठी उणे संख्या होते, ती एकूणपेक्षा लहान असते, तपासणी पास. म्हणून असं लिहा:

क्रेट ≤ एकूण − विकले − बाद

उजवी बाजू ओव्हरफ्लो होऊ शकत नाही, कारण इन्व्हेरियंटच सांगतं की ती शून्य आणि एकूण यांच्या मध्ये आहे.

‘रद्द कर’ मध्ये नेहमीची चूक वेगळी. लिस्टची रिमूव्ह मेथड, सौदा सापडला नाही तर फॉल्स देऊन शांत बसते. ते उत्तर न पाहता विकले कमी केलं की चौथं वाक्य गेलं. सापडला नाही तर तिथेच थांबायचं. ‘बाद कर’ साठी नोंदवसारखीच तपासणी. ‘पट्टी काढ’ शिल्लक शून्य असेल तरच चालेल आणि त्यानंतर बाकीच्या तिन्ही लिहिणाऱ्या मेथड नकार देतील. ‘रद्द कर’ मध्ये ही स्थिती तपासायला लोक हमखास विसरतात, आणि पट्टी निघालेल्या लॉटमधून सौदा जातो.

## ६. सबक्लास

सबक्लास आईची सगळी इन्व्हेरियंट घेते आणि स्वतःची वर घालू शकते. घालायला हरकत नाही. पण आईकडून आलेल्या लिहिणाऱ्या मेथड त्या नव्या अटी पाळतात का, हे प्रत्येकीसाठी पाहायचं.

समजा ‘निर्यात लॉट’ हवा, ज्यात सगळा माल एकाच सौद्यात जायला हवा. मग ‘नोंदव’ ने पूर्ण एकूणपेक्षा कमी क्रेटला नकार द्यावा लागतो. म्हणजे प्रीकंडिशन कडक झाली. ‘लॉट’ समजून दहा-दहा क्रेट नोंदवणारा जुना कोड आता फुटेल. इथे वारसा चालत नाही. निर्यात लॉट वेगळा क्लास करा आणि आत एक लॉट प्रायव्हेट ठेवा. अर्ध्याहून जास्त वेळा हेच उत्तर निघतं, म्हणून सबक्लास हवाच असं सिद्ध होईपर्यंत क्लास फायनल (म्हणजे सबक्लास न करता येणारा) ठेवावा असं माझं मत.

प्रोटेक्टेड फील्ड (सबक्लासला थेट बदलता येणारे) नकोत. ते ठेवले की तुमचा वीस चौकोनांचा तक्ता उद्या येणाऱ्या प्रत्येक सबक्लासच्या हवाली.

## ७. थ्रेड

लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत येऊ देणारं कुलूप) धरलेला असताना इन्व्हेरियंट मोडलेलं चालतं, सोडताना खरं हवं. वाचणाऱ्या मेथडलाही तोच लॉक. ‘शिल्लक’ विचारून मग ‘नोंदव’ बोलवणारा बाहेरचा कोड दोन वेगळ्या लॉकमध्ये आहे. मधल्या वेळात माल जाऊ शकतो. त्यामुळे निर्णय ‘नोंदव’ च्या आतच व्हावा आणि नकार नीट मिळावा. लॉक धरून लिसनरला कळवू नका, सोडल्यावर कळवा.

## ८. चालत्या कोडवर तपासणी

आता असर्ट. पाचही वाक्यं तपासणारी एक प्रायव्हेट मेथड लिहा, नाव द्या ‘सुस्थित’. लिहिणाऱ्या प्रत्येक मेथडच्या शेवटी, आणि बाहेर हाक मारण्याच्या आधी, असर्ट सुस्थित.

– जावात असर्ट मुळात बंद असतात. चालवताना इनेबल-असर्शन्सचा फ्लॅग द्यावा लागतो. मेव्हनचं शुअरफायर आणि ग्रेडल ही बिल्डची साधनं टेस्ट चालवताना ते आपणहून चालू करतात. प्रोडक्शनवर तसं होत नाही.
– म्हणून पब्लिक मेथडला आलेल्या आकड्यांची तपासणी असर्टने करू नका. तिथे इफ आणि एक्सेप्शन.
– असर्टच्या आत काही बदलणारी हाक नको. ‘असर्ट रिमूव्ह’ असं लिहिलेला कोड टेस्टमध्ये चालतो आणि प्रोडक्शनवर सौदा काढतच नाही.
– पैशाची बेरीज फ्लोटमध्ये तपासू नका. रक्कम पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांत ठेवा.

हाताने लिहिलेल्या टेस्ट तुम्हाला सुचलेला क्रमच चालवतात. खऱ्या चुका न सुचलेल्या क्रमात असतात: नोंदव, बाद, रद्द, नोंदव, पट्टी, रद्द. यासाठी जावात जेक्विक, पायथनमध्ये हायपोथेसिस. मेथडची यादी आणि इन्व्हेरियंट द्यायचं. ते वेडेवाकडे क्रम चालवून प्रत्येक पायरीनंतर अट तपासतात, आणि मोडली तर क्रम छाटून छोटा करून दाखवतात. आकडे देताना ०, १, नेमकी शिल्लक, शिल्लक + १ आणि इंटची कमाल हे यायलाच हवेत. पुन्हा हाक मारणारा एखादा खोडकर लिसनरही जोडा, नाहीतर टप्पा ५ मधली चूक इथेही निसटेल.

तपासा: मुद्दाम मोडून बघा. तपासणीतला ≤ चा < करा, ‘विकले’ ची ओळ काढून टाका. टेस्ट लाल झाली नाही तर टेस्ट काही तपासत नाही. जावात हे काम पिट नावाचं म्युटेशन टूल आपोआप करतं.

## ९. सिद्धतेचं टूल

टेस्ट हजार क्रम चालवतील. सगळे क्रम फक्त सिद्धताच बघते. जावासाठी ओपनजेएमएल आणि ‘की’ (KeY) ही टूल, नवी भाषा चालत असेल तर डॅफ्नी. सगळा प्रोजेक्ट घेऊन बसू नका. लॉटसारखा एक क्लास घ्या, जिथे चूक झाली तर पैसे जातात.

डॅफ्नीत रिवाज असा: ‘व्हॅलिड’ नावाचं प्रेडिकेट (खरं-खोटं सांगणारं सूत्र), त्यात सगळी वाक्यं, आणि ऑब्जेक्टच्या ताब्यातल्या सगळ्या गोष्टींचा एक घोस्ट सेट (फक्त सिद्धतेपुरती यादी). टप्पा १ मधली हद्द इथे जशीच्या तशी लिहावी लागते. ज्यांनी ती आखली नाही ते इथेच अडकतात. एक फरक ध्यानात ठेवा: डॅफ्नीचा साधा इंट अमर्याद असतो, त्यामुळे ओव्हरफ्लोची चूक तिथे दिसणारच नाही. ओपनजेएमएल जावाच्या कोडमधल्या इंटची मर्यादा धरतं.

टूल ‘सिद्ध होत नाही’ म्हणालं तर कारणं तीन असू शकतात: कोड चुकला, इन्व्हेरियंट अपुरं पडलं, किंवा टूलला वेळ पुरला नाही. लोक पहिलंच धरून कोड उकरतात. बहुतेकदा दुसरं असतं. समजा तुम्ही चौथं वाक्य न लिहिता पहिली तीनच दिलीत. टूल ‘रद्द कर’ वर अडेल: विकले उणे होऊ शकतं. तुम्ही म्हणाल, कसं होईल, नोंदवलेलाच सौदा रद्द होतो ना! खरं आहे, पण ते टूलला कुणी सांगितलं? विकले ही सौद्यांची बेरीज आहे (चौथं वाक्य) आणि प्रत्येक सौद्यात क्रेट शून्यापेक्षा जास्त आहेत (सौद्याचं स्वतःचं इन्व्हेरियंट), ही दोन मिळाली तरच एक सौदा वजा करून उरलेली बेरीज उणे नाही हे निघतं. ‘विकले उणे नसतं’ हे वाक्य एकट्याच्या जोरावर टिकत नाही. तुमच्या डोक्यातलं ‘असं होऊच शकत नाही’ हे जवळपास नेहमी न लिहिलेलं इन्व्हेरियंट असतं.

सावध: अडलं की ‘अझ्यूम’ टाकून पुढे जाऊ नका. टूल ते पुराव्याविना खरं मानतं. कामापुरतं टाकलंत तर मर्ज करण्याआधी सगळा कोड त्या शब्दासाठी शोधा.

सावध: सगळ्या मेथड एका झटक्यात सिद्ध झाल्या तर खूश होऊ नका. दोन अटी एकमेकींच्या विरोधात असतील, समजा कुणी ‘विकले ≥ १’ आणि ‘बाद = एकूण’ दोन्ही तिसऱ्या वाक्याशेजारी लिहिलं, तर असा ऑब्जेक्ट अस्तित्वातच येऊ शकत नाही, आणि अशक्य ऑब्जेक्टबद्दल टूल काहीही सिद्ध करून देतं. ओळखायचं असं: प्रत्येक मेथडच्या पहिल्या ओळीवर तात्पुरतं ‘असर्ट फॉल्स’ लिहा. टूलने तिथे लाल दाखवलं पाहिजे. हिरवं दाखवलं तर टप्पा २ चा कागद पुन्हा काढा आणि वाक्यं एकेक करून वगळत जा. जे वगळल्यावर लाल येतं, भांडण त्याच्यापाशी आहे.